कुंपणावर कळलावी फुललीये, ठेवू की उपटू? सासूबाई म्हणतात घरात भांडणं लागतात

अंगणातली_मी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मुळशीच्या बाजूला राहतो, घरामागे लगेच डोंगर आणि मधे तारेची जाळी. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर त्या जाळीच्या बुडाशी एक हिरवागार कोंब वर आला, मी म्हटलं असेल कसलंतरी रान, काढू सवडीने, ते राहूनच गेलं आणि बघता बघता वेल माझ्या डोक्याच्या वर गेली. हिला वेगळे तणावे नाहीत, पानाचं टोकच लांब होत जातं आणि गोल वळून जाळीला, शेजारच्या जास्वंदीला, जे सापडेल त्याला विळखा घालतं. मुलाने त्यात पेन्सिल धरून ठेवली होती तर दुसऱ्या दिवशी खरंच थोडं वळल्यासारखं वाटलं.

गेल्या आठवड्यात फुलं आली. कळ्या हिरवट, मान खाली घातलेल्या, आणि उमलल्या की सहाच्या सहा पाकळ्या उलट्या फिरून वर उभ्या राहतात, बुडाला पिवळ्याधमक आणि टोकाला लालभडक, कडा तळलेल्या कुरडईसारख्या दुमडलेल्या. पहिल्या दिवशी पिवळं जास्त असतं आणि तीनचार दिवसांत सगळं फूल लाल होऊन जातं, त्यामुळे एकाच वेलीवर हिरवं, पिवळं, केशरी, लाल असं सगळं एकदम दिसतं. संध्याकाळच्या उन्हात अक्षरशः चूल पेटल्यासारखी दिसते हो. मी रोज चहाचा कप घेऊन तिच्यासमोर उभी असते.

तर परवा सासूबाई साताऱ्याहून आल्या, त्यांनी बघितलं आणि दारातच थबकल्या. म्हणाल्या अगं ही कळलावी, आजच्या आज उपटून टाक, दारात कळलावी असली की घरात कळ लागते. त्यांच्या माहेरी म्हणे दोन जावांचं बोलणं तुटलं ते शेवटपर्यंत, आणि कुंपणावर ही वेल होती म्हणून सगळ्यांनी हिलाच बोल लावला. कामाच्या मावशी म्हणाल्या हिचा कांदा बाळंतपणात वापरतात, देवाची आहे, उपटू नका. नवऱ्याने फोनवर शोधलं तर तो म्हणतोय अख्खी वेल विषारी आहे. आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे आणि अजून हातात येईल ते तोंडात घालतो.

मला भांडणाची भीती नाही, पण सासूबाईंचं मन मोडून ठेवायचीही नाही, आणि मुलाची भीती तर आहेच. पण इतकी सुंदर आपोआप आलेली वेल उपटायला हातही होत नाहीये. कोणाच्या अंगणात आहे का? खरंच किती विषारी आहे? काय करू?

गडग्यापलीकडे

ताई, उपटू नका, आधी माझं ऐका. मी लांज्याचा. आमच्याकडे ह्या फुलाला गौरीचे हात म्हणतात. आमची गौर तेरड्याची असते, म्हणजे मुखवट्याच्या उभ्या बायका नाहीत, रानातून तेरड्याची रोपं मुळासकट आणायची, जुडी बांधायची, तिला साडी नेसवायची आणि दोन्ही बाजूंना ही फुलं खोचायची, तेच तिचे हात. फूल उलटं धरून बघा म्हणजे कळेल, लाल बोटं पसरलेला तळवा दिसतो, मेंदी लावल्यासारखा. लहानपणी गौरी आणायच्या दिवशी आम्हा पोरांची ड्यूटी असायची, सड्यावर जाऊन कळलावी शोधायची आणि आज्जीला हाक मारायची. तोडायची आज्जीच. आम्ही हात लावलेला तिला चालायचा नाही.

आज्जीचे नियम ठरलेले होते. फूल देठासकट तोडायचं, वेल ओढायची नाही, घरी आल्यावर आधी हात राखेने घासून धुवायचे मग कशालाही शिवायचं. आणि खाली खणायचं तर नावच काढायचं नाही, कांदा उकरला तर गौर रडते असं सांगायची. आम्हाला ते खरं वाटायचं. मी एकदा काठीने माती उकरली होती आणि रात्रभर झोप नाही, गौर रडत असेल म्हणून. आता कळतं की तिला विषाचं सगळं माहीत होतं, पण पाच वर्षांच्या पोराला विष सांगून काय कळणार, गौर रडते म्हटलं की बरोबर कळतं.

विसर्जनाला तेरड्याबरोबर ती फुलंही वहाळात जायची, घरात एक पाकळी उरायची नाही.

दुसरं सांगायचं म्हणजे पूर्वी प्रत्येक गडग्यावर चारदोन वेली असायच्या, आता दोनदोन किलोमीटर फिरावं लागतं. औषधासाठी म्हणून माणसं पोती घेऊन येतात आणि कांदे खणून नेतात, कांदाच गेला की पुढच्या वर्षी काय उगवणार. तुमच्याकडे आपण होऊन आलीये, तर जपा.

निवृत्त_सिस्टर

मी बत्तीस वर्षं नर्स होते, त्यातली बरीच ग्रामीण रुग्णालयात. गौरीचे हात वाचून डोळे भरून आले कारण आमच्याकडेही तसंच, पण मला दुसरी बाजू सांगायलाच हवी, कृपया पूर्ण वाचा.

एका पावसाळ्यात एका घरातले चौघे आले होते. बांध साफ करताना कंद निघाले, पांढरट, बोटाएवढे जाड, ते कणगरं समजून उकडले आणि रात्री मीठ लावून खाल्ले. जेवणं नवाला, उलट्या सुरू झाल्या एकनंतर, म्हणजे मधले चार तास कोणाला काही नाही, गप्पा मारून झोपले होते. मग उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटात पीळ. आम्हाला वाटलं साधी अन्नबाधा. सलाईन लावलं, सकाळपर्यंत थोडं थांबलं, चेहऱ्यावर जरा तरतरी आली आणि नातेवाईक म्हणायला लागले सोडा आता घरी. तेव्हा त्यातल्या म्हातारीने पदराच्या गाठीतून एक उरलेला तुकडा काढून दाखवला. इंग्रजी व्ही असतो ना, तसा दोन फाट्यांचा, दोन्ही टोकं निमुळती. आमच्या वॉर्डबॉयने बघताक्षणी सांगितलं ही कळलावी आहे. डॉक्टरांनी चौघांनाही लगेच जिल्ह्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दोघांचं बीपी पडलं, लघवी बंद झाली. थोरला भाऊ वाचला नाही. धाकटा वाचला, पंधरा दिवसांनी भेटायला आला तेव्हा डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, काढला तर केस सगळे गेलेले. मला म्हणाला सिस्टर, हात फिरवला की मूठभर हातात येतात. नंतर परत आले त्याचे केस, पण तो चेहरा मी विसरले नाही.

हे असं का होतं ते सांगते. ह्यातलं विष कोल्चिसिन. शरीरातल्या पेशी एकाच्या दोन होतात ना, ते काम ते बंद पाडतं. मग ज्या पेशी सगळ्यात भराभर वाढतात त्यांच्यावर पहिला घाव, म्हणजे आतड्याचं अस्तर, मग हाडातला मगज जिथे रक्त तयार होतं, आणि मग केसांची मुळं. म्हणून आधी पोट, मग दोनतीन दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, आणि जगलं वाचलं तर केस जातात. उकडून, तळून हे विष जात नाही. हॉस्पिटलात ह्याचा म्हणून असा उतारा मिळत नाही, एकेक अवयव सांभाळत पेशंटला बाहेर काढायचं एवढंच हातात असतं, म्हणून वेळ फार महत्त्वाची. विष सगळ्या वेलीत असतं पण कंद आणि बिया सगळ्यात वाईट. आणि बिया ताई, तुम्ही अजून बघितल्या नसतील, दिवाळीच्या सुमाराला शेंग तडकते आणि आत शेंदरी लाल गोल दाणे ओळीने बसलेले असतात, पोराला गोळ्याच वाटणार.

कोणाच्या पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, दूध तूप लिंबू काही देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या हॉस्पिटलला न्या, आणि वेलीचा तुकडा किंवा फोटो बरोबर न्या. डॉक्टरांना कळलावी आणि कोल्चिसिन हे दोन्ही शब्द सांगा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं, डॉक्टर तिथे फोन करून विचारू शकतात. आणि उलट्या थांबल्या म्हणून पेशंटला घरी आणू नका, ती मधली बरं वाटायची वेळ फसवी असते, तिथेच माणसं जातात.

अंगणातली_मी

सिस्टर, वाचून हातपाय गार पडले. मुलाने काल खाली पडलेली एक पाकळी उचलली होती, मी लगेच घेतली हातातून, तोंडात गेली नव्हती. आज अगदी नॉर्मल खेळतोय. नुसत्या स्पर्शाने काही होतं का?

निवृत्त_सिस्टर

नाही गं, घाबरू नकोस. पाकळी हातात धरून काही होत नाही, साबणाने हात धुतले की झालं. कंद कापला तर त्याच्या रसाने काहींच्या कातडीची आग होते, म्हणून मातीत काम करताना हातमोजे घालायचे. आणि तू पाकळी बघितलीस, लगेच घेतलीस, अजून काय करायचं असतं आईने.

लांगली

आयुर्वेद शिकलेय म्हणून नावांबद्दल लिहिते, मला ह्या वेलीची नावं फार आवडतात, एकेक नाव म्हणजे कोणीतरी जवळ बसून नीट बघून ठेवलेलं आहे. अग्निशिखा का ते तर फूल बघितल्यावर कळतंच. लांगली का, तर सिस्टर म्हणाल्या तो दोन फाट्यांचा कंद, तो नांगरासारखा दिसतो, लांगल म्हणजे नांगर, हलिनी हेही त्यावरूनच. विशल्या म्हणजे शल्य बाहेर काढणारी. आणि गर्भनुत, गर्भपातिनी, ही नावं तर सरळ धोकाच सांगतात.

आता मराठी कळलावी. तुमच्या सासूबाई म्हणतात ती कळ भांडणाची, कळलाव्या माणूस म्हणतो ती. पण मावशी म्हणतात ती कळ बाळंतपणाची, कळा येणं. जुन्या सुइणी अडलेल्या बाईच्या तळपायाला नाहीतर बेंबीभोवती कंदाचा लेप लावायच्या, कुठे कुठे नुसता कंद अंगावर बांधायच्या आणि मूल बाहेर आलं की त्या क्षणाला सोडायच्या, क्षणभरही जास्त ठेवायच्या नाहीत, असं माझ्या आईच्या आईने सांगितलेलं आहे. मला तरी वाटतं नाव आधी ह्या कळांवरून पडलं आणि भांडणाचा अर्थ मागाहून येऊन चिकटला, कारण शब्द एकच. पण हिंदीतही कलिहारी म्हणतात आणि तिथेही घरात कलह लावणारी अशी समजूत आहे, त्यामुळे मी हट्ट धरत नाही.

आयुर्वेदात जी अकरा उपविषं मोजतात त्यात रुई, कण्हेर, धोतरा, गुंज ह्यांच्या पंगतीला ही आहे. गोमूत्रात शोधन केल्याशिवाय औषधात घेत नाहीत आणि ते काम जाणकाराचं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आजही कोणीतरी कोणाला तरी सांगतं की थोडा उगाळून घे, कुठे पाळी येण्यासाठी, कुठे साप चावल्यावर. कृपया कोणीही पोटात घेऊ नका. साप चावल्यावर प्रतिसर्पविषाचं इंजेक्शन, दुसरं काही नाही.

अजून एक, गावाकडे बऱ्याच ठिकाणी हिलाच बचनाग म्हणतात, खड्यानाग म्हणतात. खरा बचनाग हिमालयातला, निळ्या फुलांचा, त्याचं विष वेगळं, ते थेट हृदयावर जातं. डॉक्टरांना नुसतं बचनाग सांगितलं तर उपचाराची दिशाच चुकायची. म्हणून सिस्टर म्हणतात तसं फोटो न्याच.

आणि ज्यांना हे नुसतं विष वाटतंय त्यांच्यासाठी, गाऊटच्या सांधेदुखीवर जी कोल्चिसिनची छोटी गोळी देतात ना, अर्ध्या मिलिग्रॅमची, ती ह्याच द्रव्याची. १८२० साली पेलेटिए आणि कावाँतू ह्या दोघा फ्रेंच माणसांनी ते प्रथम वेगळं काढलं, तेव्हा युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या फुलझाडातून, कळलावी त्याच कुळातली. त्याच वर्षी त्याच दोघांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाईनही काढलं. एका वर्षात दोन औषधं, आणि दोन्ही अजून वापरात आहेत.

अंगणातली_मी

अहो लांगलीताई, आमच्या सासऱ्यांना गाऊट आहे! आत्ता उठून डबा बघितला, पाकिटावर खरंच कोल्चिसिन लिहिलंय. ते म्हणाले डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, जास्त घ्यायची नाही, जुलाब झाले तर लगेच थांबवून फोन करायचा. घरात गोळी आणि कुंपणावर वेल, आणि आम्हाला पत्ता नाही. सासूबाई आता त्या डब्याकडेही संशयाने बघतायत.

कोंगुनाडची_मराठी

लग्नानंतर एकवीस वर्षं कोईमतूरला आहे. ज्या वेलीला आपण घराबाहेर काढतो ती इथे तमिळनाडूचं राज्यफूल आहे, सेंगांदळ म्हणतात, म्हणजे लाल कांदळ. कार्तिक महिन्यात बघायला मिळतं म्हणून कार्तिगैपूही म्हणतात, आणि मुरुगनचं, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचं, फूल मानतात. दोन हजार वर्षांच्या जुन्या तमिळ कवितेत बायकांच्या बोटांना ह्या फुलाच्या पाकळ्यांची उपमा दिलेली आहे. लांज्याच्या दादांनी गौरीचे हात लिहिलं ते वाचून मी अंगावर काटा आल्यासारखी बसून राहिले, कुठे ते जुने तमिळ कवी आणि कुठे लांज्याची आज्जी, दोघांनाही हातच दिसला.

आमच्यापासून पूर्वेला मूलनूर, ओड्डनछत्रम, अरवकुरिची ह्या कोरड्या पट्ट्यात हिची चक्क शेती होते. मी बघून आलेय. द्राक्षाच्या मांडवासारख्या तारा, त्यावर वाळक्या फांद्या टाकलेल्या आणि त्यावर ओळीने कळलावी. बियांसाठी लावतात, बिया औषध कंपन्यांना आणि परदेशात जातात, त्यातून कोल्चिसिन काढतात. सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते सकाळच्या कामाचं. फूल नीट बघा तुमचं, मधली बारीक दांडी, जिथून फळ धरायचं असतं, ती बुडातच काटकोनात वाकून बाहेर पडते, परागाच्या सहा काड्यांपासून लांब. म्हणजे स्वतःचा पराग स्वतःला लागू नये अशी सोय. रानात फुलपाखरं आणि शिंजीर ते काम करतात, पण शेतात एवढ्या फुलांना ती कुठून पुरणार, म्हणून बाया उजाडताना येतात आणि एकेका फुलाचा पराग हाताने दुसऱ्याच्या दांडीला लावत जातात. शंभर फुलं, दोनशे फुलं, पाठ वाकवून. एका बाईला मी विचारलं भीती नाही वाटत का, तर म्हणाली वाटते, म्हणून मुलांना शेतात आणत नाही आणि हात धुतल्याशिवाय पानसुपारीला हात लावत नाही.

श्रीलंकेत हीच नियंगला, आणि आफ्रिकेत झिंबाब्वेचं तर हे राष्ट्रीय फूल आहे.

बाल्कनीबाग

सगळे ठेवा ठेवा म्हणताय म्हणून मी उलटं लिहिते, राग मानू नका. मी तीन वर्षांपूर्वी ऑनलाईन नर्सरीतून कंद मागवले होते, नाव ग्लोरी लिली, पाकिटावर सुंदर फोटो, ऊन किती पाणी किती सगळं छापलेलं, आणि विषारी आहे हा एक शब्द कुठेही नाही. मी ते कंद चार दिवस स्वयंपाकघरात कांद्याबटाट्याच्या टोपलीजवळ ठेवले होते. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. नंतर एका काकांनी फुलं बघून सांगितलं तेव्हा माझे पाय लटपटले. नर्सरीला लिहिलं, उत्तर आलं नाही. आपल्याकडे उंदराच्या औषधावर लिहितात ना, मग ह्यावर का नको? इतकी वर्षं आज्ज्या गौर रडते म्हणून सांगत होत्या तेवढंही आज पाकिटावर कोणी लिहीत नाही.

मी दिली काढून, एका बोटॅनिकल बाग सांभाळणाऱ्या ओळखीच्या माणसाला. साडेतीन वर्षांचं मूल असताना मी तरी ठेवणार नाही. फूल कितीही सुंदर असो, ते सात आठ वर्षांनीही लावता येतं.

गडग्यापलीकडे

तुमचं म्हणणं पटतं ताई, मूल घरात असताना निर्णय आईचाच. फक्त एकच, मग अंगणातलं बाकीचंही बघायला हवं. कण्हेर प्रत्येक सोसायटीच्या गेटला आहे, हायवेच्या दुभाजकावर मैलोन्मैल आहे, गणपतीला लाल कण्हेर वाहतो आपण, ती आख्खी विषारी. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तिच्या बिया तर हृदयच बंद पाडतात आणि आम्ही त्याच बिट्ट्यांनी अख्खी उन्हाळ्याची सुट्टी खेळलोय. धोतरा शंकराला. गुंजा दागिन्यात. आपल्या देवाला वाहायची अर्धी फुलं अशीच आहेत.

लांगली

बरोबर, आणि म्हणूनच ती देवाला वाहतात आणि प्रसाद म्हणून वाटत नाहीत. अंगणातताई, काढायची ठरवलीत तर आत्ता ओढून काढू नका, वेल वर तुटते आणि कंद खालीच राहतो, पुढच्या मृगात परत उगवते आणि तोवर तुम्ही विसरलेल्या असता. दिवाळीनंतर सगळी वेल वाळून जाते, वर काहीच दिसत नाही. तेव्हा जागा माहीत असेल तर अलगद खणा, फाटा मोडू देऊ नका, कोंब त्या टोकांनाच असतो.

अंगणातली_मी

उशीर झाला लिहायला, गौरी होत्या.

तुम्हा सगळ्यांचं मी सासूबाईंना वाचून दाखवलं, दोन रात्री लागल्या. सिस्टरनी लिहिलेलं ऐकताना त्यांनी मुलाला मांडीवर ओढून घेतलं आणि मग तो झोपेपर्यंत खाली ठेवला नाही. गौरीचे हात आलं तेव्हा मात्र म्हणाल्या परत वाच. मग बराच वेळ गप्प होत्या, आणि म्हणाल्या आमच्याकडेही आई तिकडे फिरकू द्यायची नाही, पण भांडणाचं सांगायची, विषाचं कधी बोललीच नाही. त्या जावांचं भांडण बांधावरून होतं असंही निघालं बोलता बोलता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आत्ता आम्ही असं केलंय. जाळीच्या आतल्या बाजूने अजून एक बारीक जाळी लावली, कंबरेच्या वरपर्यंत, मुलाचा हात पोचत नाही. फुलं वाळून हिरव्या शेंगा धरायला लागल्यात, त्या मी हातमोजे घालून रोज सकाळी कापते आणि पिशवीत बांधून टाकते, एकही पिकू देणार नाही. दिवाळीनंतर सासरे आणि नवरा मिळून कंद काढणार आणि जाळीपलीकडे डोंगराच्या उतारावर, करवंदीच्या जाळीत लावणार, म्हणजे घरातून दिसेल आणि हाताला लागणार नाही. बाल्कनीबागताई, तुमचंच ऐकलंय तसं बघितलं तर. मुलाला मी विष वगैरे काही सांगितलं नाही, गौर रडते असंच सांगितलं, आणि तो आता येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला जाळीपाशी नेऊन तेच सांगतो.

आमच्या गौरी उभ्याच्या, मुखवट्याच्या, त्यांना हात आहेत. तरी पूजेच्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्या आधी उठून कुंपणाशी गेल्या होत्या, दोन फुलं घेऊन आल्या, गौरींच्या पायाशी उंच चौरंगावर ठेवली आणि नळाखाली कितीतरी वेळ हात धूत उभ्या राहिल्या. विसर्जनानंतर त्यांनी जुन्या साडीच्या काठाची एक लाल पट्टी फाडून वेलीच्या बुडाजवळच्या खांबाला बांधली, वेल वाळल्यावर कांदा कुठे आहे ते कळायला हवं म्हणाल्या.